बीचवरून स्कूबा शिकताना: नाशिककराने समुद्राचा सराव करायचा तरी कुठे?

पाणकोंबडा

नमस्कार मंडळी,

स्कूबाच्या ओपन वॉटर कोर्सची थिअरी झाली, तलावातली सत्रंही झाली. मास्कमध्ये भरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) शोधून परत पकडणं, बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या टाकीवर श्वास घेणं, सगळं जमतंय. आता उरलेत समुद्रातले चार डाइव्ह. ते झाले की 18 मीटरपर्यंत जायचं कार्ड हातात.

जानेवारीत अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जायचं ठरतंय. तिथल्या इन्स्ट्रक्टरचं म्हणणं असं की पहिले दोन डाइव्ह बीचवरून चालत आत जाऊन करू, बोट नंतर. मला वाटलं, हे तर सोपंच की. बोटीच्या काठावर बसून पाठमोरं पाण्यात पडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बीचवर काय, पाय ओले करत करत आत जायचं. पण ज्यांनी केलंय ते दोघं-तिघं म्हणतात की बीचवर कंबरडं मोडतं, लाटा लोळवतात, नवशिक्याला बोटच बरी.

खरं काय? आणि नाशिकला बसून या गोष्टीची तयारी करता येते का? सावरकर तलावात लहानपणापासून पोहतोय, पण समुद्राशी ओळख म्हणाल तर शाळेच्या सहलीत अलिबागला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून काढलेला फोटो.

चिवडा_पार्सल

रुमाल टाकून ठेवतो. नाशिकला समुद्र हवा म्हणे. आधी मेट्रो येऊ दे भाऊ.

मिसळसम्राट

पाण्याखाली तोंडात नळी. मग खायचं काय आणि कधी? माझ्याकडून नकार कळवा.

तळठाव

पाणकोंबडा, तुमच्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. बीच डाइव्हमध्ये अवघड असते ती गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पाण्याची पट्टी. ती ओलांडली की पुढचा डाइव्ह बोटीपेक्षा निवांत होतो, कारण तळ हळूहळू खोल जातो, कानांना वेळ मिळतो, आणि घाबरलात तर इन्स्ट्रक्टर उथळ पाण्यात परत आणू शकतो. भर समुद्रात बोटीखाली दहा मीटर पाणी असेल तर ती सोय नसते.

पण ती पट्टी. नेहमीची ॲल्युमिनियमची 11 लिटरची टाकी रिकामीच चौदा किलोच्या घरात जाते, आत भरलेली हवा आणखी अडीच किलो. त्यात हवा भरायचं जॅकेट, रेग्युलेटर, पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधलेलं शिसं. सगळं मिळून पंचवीस किलो पाठीला लावून तुम्ही वाळूत चालताय. तलावात हे वजन काठावर बसून अंगावर चढवलेलं असतं आणि पुढच्या क्षणी पाणी ते उचलून धरतं. बीचवर ते पाण्यापर्यंत तुम्हीच न्यायचं.

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात, बरोबर तुमच्या मांड्यांवर. ती परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते. तुम्ही फिन (पायात घालायची रबरी वल्ही) घालायला एक पाय उचललेला असतो आणि दुसऱ्या पायाखाली खळगा झालेला असतो. तेवढ्यात पुढची लाट. लोक पडतात ते इथेच, आणि पडल्यावर मास्क जातो.

म्हणून आधी काठावर उभं राहून पाणी बघायचं. पाचदहा मिनिटं नुसतं बघायचं. लाटा थव्याने येतात, काही मोठ्या, मग जरा शांत. ती शांत वेळ कधी येते याचा अंदाज घ्यायचा. बडी चेक, म्हणजे एकमेकांचं सामान तपासणं, कोरड्या वाळूवर पूर्ण करायचा. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, हे घोट्याला पाणी लागायच्या आधी. कपाळावर मास्क ठेवून ऐटीत चालणारे नंतर तळाशी मास्क शोधताना दिसतात. लाटा असतील तर फिन पाण्याच्या काठावरच घालून, बडीचा हात धरून, पाठमोरं किंवा आडवं, पाय घासत घासत जायचं. पाणी शांत असेल तर फिन हातात घेऊन छातीएवढ्या पाण्यात जा, बडीच्या खांद्याला धरा आणि एकेक घाला. हॅवलॉकला जानेवारीत बहुधा दुसरा प्रकारच करायला लागेल.

पाय घासत जाण्याचं आणखी एक कारण: वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट (चपटा, काटेरी शेपटीचा मासा). धक्का लागला की ते निघून जातं. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

रामकुंड_एक्सप्रेस

एवढं काय घाबरवताय राव नवीन माणसाला. आम्ही पोरं गोदेला पूर आला की होळकर पुलावरून उड्या मारून थेट खाली निघायचो. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना पोहलोय. त्यापुढे दोन फुटांची लाट म्हणजे काय? पोहता येतं ना, झालं तर मग.

खलाशीकाका

एक्सप्रेस, तुमच्या धाडसाला नमस्कार, पण हा सल्ला नवशिक्याला देऊ नका. पुराचं पाणी एका दिशेला जातं. कुठे उतरायचं आणि कुठे निघायचं हे पोरांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतं, तरीही दरवर्षी कुणीतरी जातं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. समुद्र आत ढकलतो, बाहेर ओढतो, आणि मधेच आडवा वाहतो.

नौदलात होतो. डायव्हर नव्हतो, पण डायव्हरांसोबत बरंच काम केलं. किनाऱ्यावर चांगले पोहणारेही बुडतात, कारण ते रिप करंटशी, म्हणजे आत ओढणाऱ्या प्रवाहाशी, भांडून दमतात. लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा दिसतो, तिथे फेस नाही, पाणी जरा गडद आणि गुळगुळीत. अनोळखी माणूस म्हणतो, वा, इथे शांत आहे, इथूनच जाऊ. तोच रिप. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा फार रुंद नसतो, बाहेर पडता. अंगावर जॅकेट आहे, त्यात हवा भरा, तरंगा, दम घ्या. पट्टीच्या पोहणाऱ्याकडे ते नसतं, तुमच्याकडे आहे.

रामकुंड_एक्सप्रेस

काका, मान्य. पण पोहणं येणाऱ्याला थोडा तरी फायदा असेल की नाही?

तळठाव

आहेच. कोर्समध्ये 200 मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं उगाच ठेवलेलं नाही. फक्त तलावातला पोहणारा हातांनी पोहतो. स्कूबात हात छातीशी, काम मांडीचं. सावरकर तलावातले आमचे तरबेज लोक पाण्याखाली पहिल्या दिवशी हात मारत सुटतात आणि वीस मिनिटांत टाकी संपवतात.

देवबागकर

वाचतंय. दर्यो काय तुमचो सावरकर तलाव न्हय, की तिकीट काढलास आणि उडी मारलास.

आता प्रमाण मराठीत. आमच्याकडे मालवण-तारकर्लीला जे स्कूबा होतं ते बहुतेक बोटीवरून, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. पर्यटक शिडीने उतरतो, गाईड धरून नेतो, फोटो काढतो, संपलं. ते शिकणं नव्हे. शिकायचं असेल तर एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबा शिकवणारी संस्था आहे तारकर्लीला, तिथे रीतसर कोर्स होतात. पण किनाऱ्यावरून उतरायचं म्हणाल तर तीन गोष्टी बघा.

पहिली भरती. आमची म्हातारी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आगेमागे. तिथून साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. पंचांग घरात असलं की झालं. अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. नवीन माणसाने भांगाचे दिवस धरावे.

दुसरी रापण. होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. रापण लागलेली असताना त्या पट्ट्यात उतरायचं नाही. तुम्ही अडकाल ते वेगळं, चाळीस घरांचं जेवण अडवाल ते वेगळं. उतरायच्या आधी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. तो सांगतो.

तिसरी गोष्ट म्हणजे महिना. पावसाळ्यात इथे सगळं बंद असतं आणि असायलाच हवं. नदीचा गढूळ लोंढा आला की हातभर अंतरावरचं दिसत नाही. पाणी स्वच्छ हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पाणकोंबडा

देवबागकर, तिथीचं गणित फारच आवडलं. हॅवलॉकला चालेल?

देवबागकर

नाही. ते अरबी समुद्राच्या आमच्या पट्टीचं आहे. अंदमानाला भरतीची वेळ वेगळी. उधाण-भांगाचा भाग मात्र सगळीकडे सारखाच, चंद्र एकच आहे.

तळठाव

हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि मेलेल्या प्रवाळाचे दगड उघडे पडतात. पंचवीस किलो घेऊन त्यावरून चालणं म्हणजे घोटा मुरगळायची हमी. नेमो रीफसारख्या ठिकाणी म्हणूनच भरती बघून वेळ ठरवतात. इन्स्ट्रक्टर सकाळी सहाला उठवेल, कुरकुर करू नका.

बोटच_बरी

मी उलट मत मांडतो. नवशिक्याचे पहिले डाइव्ह बोटीवरून व्हावेत. किनाऱ्याजवळ वाळू ढवळलेली असते, दिसत काही नाही, पाणी मागेपुढे हलवत असतं, पोटात ढवळतं. त्यात चालून माणूस दमलेला. दमलेला माणूस धापा टाकतो, धापा टाकणाऱ्याची हवा संपते, डाइव्ह पंधरा-वीस मिनिटांचा होतो, आणि तो घरी जाऊन सांगतो की स्कूबात काही राम नाही. बोटीवरून पाठमोरं पडणं दोन सेकंदांचं काम. भीती पडायच्या आधीची असते. पडल्यावर जॅकेट वर आणतं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या शिकवणाऱ्याने लाटा असतानाही बीचवरून नेलं, कारण बोटीचं डिझेल वाचत होतं. तिने नंतर पाण्याचं नावच काढलं नाही.

तळठाव

ती चूक बीचची की शिकवणाऱ्याची? लाटा असताना "आज नको" म्हणता आलं पाहिजे, त्याला आणि तिलाही. बोटीवर एकदा चढलात, तासभर गेलात, पैसे दिलेत, की नको म्हणायला जड जातं. किनाऱ्यावर सोपं असतं: मागे वळायचं आणि चहा प्यायचा. मला तर बीचचा हाच मोठा फायदा वाटतो.

हवेचं म्हणाल तर हिशोब करू. टाकी 11 लिटर, आत हवेचा दाब 200 बार (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). 50 बार राखून ठेवायचे, वापरायला उरले 150, म्हणजे 1650 लिटर हवा. नवशिक्या पृष्ठभागावर मिनिटाला वीस-बावीस लिटर घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तिथे चाळीस-पंचेचाळीस लिटर. छत्तीस-चाळीस मिनिटं मिळतात. धापा टाकत उतरलात तर याच्या अर्धी. म्हणून लाटा ओलांडल्यावर लगेच खाली जायचं नाही. जॅकेट फुगवायचं, पाठीवर तरंगायचं, श्वास बसू द्यायचा. पुढचं अंतर स्नॉर्केलवर (पाण्याबाहेरची हवा घ्यायची नळी) कापायचं आणि टाकीतली हवा खालच्यासाठी ठेवायची.

बोटच_बरी

छत्तीस मिनिटांचं गणित मान्य. बोट बरी, हे मत कायम. :)

मिसळसम्राट

बोटीवर उलट्या होतात हा मुद्दा कुणीच काढला नाही. मुरुड-जंजिऱ्याला जाताना सकाळची मिसळ समुद्राला अर्पण केली होती. तर्रीसकट.

आडगावची_सून

सम्राट, जहाल तर्री खाऊन होडीत बसायचं हा कुठला पराक्रम? प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून साधं खायचं, वरणभात. आमचे हे बोट दिसली की पिवळे पडतात, म्हणून आम्ही दोघांनी नीलला (शहीद द्वीप) बीचवरूनच केलं. मी पन्नाशीची आहे, वजन राखून आहे असं म्हणणार नाही. गुडघे कुरकुरतात. तिथल्या मुलांनी माझी टाकी छातीएवढ्या पाण्यात आणून दिली, मी तिथे तरंगत जॅकेट चढवलं. विचारायला लाजू नका, एवढंच सांगायचं होतं.

तळठाव

ताई, अगदी. बालीत तुलांबेनला तर टाक्या वाहून नेण्याचं काम गावातल्या बायकाच करतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवी टाकी, आणि पायाखाली काळे गोल दगड, भिजले की साबणासारखे. आपण नुसते बूट घालून त्यावरून लडखडत जात असतो आणि शेजारून एखादी आजी टाकी घेऊन पुढे निघून जाते. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर 'लिबर्टी' नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज पडलेलं आहे. 1942 मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारल्यावर ते किनाऱ्याला आणून ठेवलं होतं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ तीसच्या आसपास. नवीन कार्डवालाही त्याचा वरचा अर्धा भाग बघू शकतो, तोही चालत जाऊन.

चिवडा_पार्सल

ज्वालामुखीने जहाज समुद्रात ढकललं? आमच्याकडे महापालिकेला खड्ड्यातला डंपर काढता येत नाही.

डॉ_कानसेन

कान-नाक-घसा हा माझा प्रांत, म्हणून तेवढंच लिहितो.

पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं होतं. यापुढे कुठल्याही दहा मीटरमध्ये एवढा मोठा फरक पडत नाही. त्यामुळे कानाला त्रास होतो तो उथळातच, आणि बीच डाइव्ह बराच वेळ उथळातच असतो. त्यातून लाटेमुळे तुम्ही मीटरभर वरखाली होत राहता. कान दुखायची वाट बघू नका. पृष्ठभागावर असतानाच एकदा नाक दाबून हलकेच फुंकर घाला, आणि खाली जाताना दर दोन-तीन फुटांवर परत. दुखलं तर थांबा, थोडं वर या, परत करा. जोर लावून कधीही नाही.

सर्दी असेल तर पाण्यात उतरायचं नाही. जानेवारीत नाशिकहून निघणार, निफाडची थंडी अंगावर घेऊन, तेव्हा हे मुद्दाम सांगतोय. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे बरेच असतात. तिचा असर पाण्याखाली ओसरला तर खाली जाताना मोकळा असलेला कान वर येताना अडकतो.

कोर्सच्या आधी जो आरोग्याचा फॉर्म भरतात त्यात दमा, कानाची शस्त्रक्रिया, फिट्स, हृदयविकार असे प्रश्न असतात. लोक सगळ्याला "नाही" लिहून मोकळे होतात. एकालाही "हो" असेल तर डॉक्टरची सही घ्या. गर्भवतीने डाइव्ह करू नये.

पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

प्रश्नपत्रिका

बावळट प्रश्न असेल, पण गंगापूर धरणात सराव का करू नये? घराजवळ, लाटा नाहीत, बोट क्लबही आहे.

खलाशीकाका

शहराच्या पिण्याचं पाणी आहे ते. परवानगीशिवाय उतरणं बेकायदा, आणि तळाशी गाळ एवढा की स्वतःचा हात दिसायचा नाही. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. 300 मीटरच्या वर डाइव्ह केला की त्याला उंचीवरच्या डायव्हिंगचे वेगळे तक्ते लागतात, कारण वर हवेचाच दाब कमी. ते नवशिक्याचं काम नाही.

प्रश्नपत्रिका

मग उलटा प्रश्न. मालवणला डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने घाट चढून नाशिकला आलं तर?

तळठाव

हा प्रश्न बावळट अजिबात नाही, उलट आपल्याकडे हा विचारलाच जात नाही. डाइव्हनंतर लगेच कमी दाबाच्या उंचीवर गेलं की अंगात विरघळलेल्या हवेचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटच्या डाइव्हनंतर विमान पकडायचं असेल तर एका डाइव्हला किमान 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास थांबायचं, असा डॅन या डायव्हरांच्या संस्थेचा सल्ला आहे. तो साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आता बघा: आंबोली असो की गगनबावडा, घाटमाथा सहा-सातशे मीटरचा. आणि आपलं घरच 600 मीटरवर. मुंबईकर परत समुद्रसपाटीलाच जातो, नाशिककर जात नाही. पाच-सहा मीटरवर पर्यटकांचा एकच डाइव्ह केला असेल तर धोका अगदी कमी, पण कोर्सचे डाइव्ह केले असतील तर ती रात्र किनाऱ्यावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

पाणकोंबडा, तुम्हाला तर विमानच आहे. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. सांधे दुखले, मुंग्या आल्या, विचित्र थकवा वाटला तर "झोपलो की बरं वाटेल" म्हणू नका. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) नौदल रुग्णालयात रिकंप्रेशन चेंबर, म्हणजे वाढवलेल्या दाबात ठेवून उपचार करायची खोली आहे, मुंबईत कुलाब्याला अश्विनी रुग्णालयात आहे.

देवबागकर

म्हणजे एक दिवस जास्त राहायचं आणि सुरमई खायची. वैद्यकीय सल्ला आहे, घरी सांगा.

मिसळसम्राट

हा सल्ला लिहून द्या. सहीशिक्क्यासह.

पाणकोंबडा

माहिती भरपूर मिळाली, आभार. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला: इथे बसून काय करू? तलावावर विचारलं तर फिन आणायला मनाई आहे म्हणाले. (लोकांना लागतात म्हणे. लागतात हे खरं.)

तळठाव

मनाई असेल तर वाद घालू नका, गर्दी नसलेली बॅच विचारून बघा. फिनशिवायही काम होतं. पाण्यात तोंड खाली घालून, मास्क न लावता, फक्त स्नॉर्केलने श्वास घ्यायचा. नाकाला पाणी लागत असताना तोंडाने शांत श्वास घेता आला की लाटेत मास्क निघाला तरी माणूस घाबरत नाही.

दुसरं, पाय. सॅकमध्ये वीस किलो भरा (तांदळाच्या पिशव्या चालतात) आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढा-उतरा. उतरणं जास्त महत्त्वाचं, कारण किनारा उताराचा असतो.

तिसरं, होकायंत्र. बीच डाइव्हला बोट वर वाट बघत नसते. परत त्याच जागी यायचं असतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी जा. होकायंत्र छातीसमोर धरा, डोक्यावरून मोठा टॉवेल घ्या, म्हणजे फक्त होकायंत्र आणि स्वतःचे पाय दिसतील. एका दिशेला चाळीस पावलं, मग 180 अंश वळून चाळीस पावलं परत. टॉवेल काढा आणि निघालात तिथून किती लांब आलात ते बघा. फिरायला आलेले आजोबा विचारतील, "बरं आहे ना?" हो म्हणायचं.

पाण्याखाली आणखी एक मदत असते. उथळात वाळूवर ज्या वळ्या उमटतात त्या साधारण किनाऱ्याला समांतर असतात. त्यांना आडवे ओलांडत गेलात की तुम्ही आत किंवा बाहेर चाललात. खोली कमी होत असेल तर बाहेर.

बोटच_बरी

वजनाचंही सांगा. तलावात जेवढं शिसं लागलं तेवढं समुद्रात पुरत नाही. खारं पाणी अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल तर अडीच किलो शिसं जास्त लागतं. शिवाय टाकी रिकामी होत आली की ती वर ओढायला लागते, नेमकं किनाऱ्याकडे परत येताना, उथळात. काठावर आल्यावर फुग्यागत वर जाणारे बघितलेत. वजनाची तपासणी डाइव्हच्या शेवटी, पन्नास बार उरलेले असताना करून घ्या.

तळठाव

हे मात्र सोळा आणे. आणि बाहेर येताना घाई नको. लाटांच्या पट्ट्यात रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा, पाय टेकले म्हणून काढायचा नाही. उभं राहवत नसेल तर गुडघ्यांवर, हातांवर रांगत बाहेर या. कुणी हसत नाही. हसलं तर हसू द्या.

रामकुंड_एक्सप्रेस

जॅकेट लाटांत फुगवून ठेवायचं की रिकामं? मला विचारायचं होतं, कारण (कुणाला सांगू नका) मीही कोर्सला नाव घालतोय.

बोटच_बरी

फुगवून. पडलात तर तरंगाल.

तळठाव

लाटा मोठ्या असतील तर रिकामं, म्हणजे लाटेखालून जाता येतं. फुगवलेलं असलं की लाट उचलून मागे फेकते. पण लाटा एवढ्या मोठ्या असतील तर नवशिक्याने उतरायचंच नाही. शांत पाण्यात थोडं फुगवलेलं बरं. शेवटचा शब्द तिथल्या इन्स्ट्रक्टरचा, त्या किनाऱ्याला तो ओळखतो, आपण नाही.

खलाशीकाका

एक्सप्रेस, शाब्बास. एक राहिलं: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे सूचनाफलक असेल तिथे उतरायचं नाही, स्थानिक नको म्हणाले तर नको. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकू नका. वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, विमानतळावर सामान उघडतात.

पाणकोंबडा

ठरलं. पहिले दोन बीचवरूनच, पण तारखा पुढे सरकवल्या. पंचांग उघडून अष्टमीच्या आसपासचे दिवस धरलेत आणि परतीचं विमान एक दिवस उशिराचं. इन्स्ट्रक्टरला भरती-ओहोटीचं विचारलं तर म्हणाला, "हे विचारणारे विद्यार्थी कमी येतात." पोटातला गोळा अजून आहे, आता तो बोटीवरून बीचवर शिफ्ट झालाय.

शेवटचा प्रश्न: बूट विकत घेऊ की तिथे भाड्याने मिळतील?

आडगावची_सून

मिळतात, पण मधल्या मापाचे आधी संपतात. स्वतःचे घ्या. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, आणि मागून उघडी असलेली फिन त्यावर बसते का ते दुकानातच घालून बघा. माझे जरा घट्ट होते, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली.

रामकुंड_एक्सप्रेस

रविवारी सकाळी साडेसहाला गोल्फ क्लब. टॉवेल मी आणतो. होकायंत्र कुणाकडे आहे का?

चिवडा_पार्सल

मी येतो बघायला. चिवडा आणतो.